ओळखीची वाट



वारंवार येणाऱ्या अडचणीवरील अनुभवसिद्ध तोडगा म्हणजे नमुना. क्रिस्टोफर अलेक्झांडर व सहकाऱ्यांनी १९७७ साली वास्तुरचनेसाठी मांडलेली ही कल्पना पुढे संगणकाच्या पडद्यावर आली.

संगणकावर सातबारा पाहताना प्रथम जिल्हा जालना, नंतर तालुका भोकरदन, मग गाव, शेवटी गट क्रमांक असा क्रम येतो. महसुली कागदांमुळे हा क्रम शेतकऱ्याच्या परिचयाचा असल्याने चुकीचा संभव कमी होतो.

२०२१ साली सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाईलवरून पिकाची नोंद करतो. प्रत्येक पडद्याची रीत निराळी असेल, तर नोंद राहून जाईल किंवा परक्याचे साहाय्य मागावे लागेल. म्हणून रचनाकारांनी नावीन्याच्या मोहापेक्षा ओळखीची वाट जपावी. स्वावलंबन तिच्यावरच अवलंबून आहे.