एकच पासवर्ड, दहा खाती

एखाद्या वेबसाइटवरून ग्राहकांची माहिती चोरीला गेल्याची बातमी आली, की बहुतेक लोक तिथला पासवर्ड बदलतात आणि निर्धास्त होतात. पण खरा धोका बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो. मे २०१७ मध्ये घरपोच जेवण मागवण्याच्या झोमॅटो या कंपनीच्या सुमारे १ कोटी ७० लाख खातेदारांची माहिती चोरीला गेली. त्याचं कंपनीनेच नंतर सांगितलेलं कारण विचार करण्यासारखं आहे. २०१५ मध्ये एका परदेशी वेबहोस्टिंग सेवेचे पासवर्ड फुटले होते. झोमॅटोच्या एका डेव्हलपरचं तिथे खातं होतं आणि तोच ईमेल, तोच पासवर्ड तो गिटहब या प्रोग्रामचा कोड साठवण्याच्या वेबसाइटवरही वापरत होता. कंपनीचा कोड गिटहबवरच होता. चोराने तो वाचला, त्यातली त्रुटी हेरली आणि तिथून आत शिरकाव केला. रोज संगणकावर काम करणाऱ्याची ही गत, मग वीजबिलापासून बँकेपर्यंत एकच पासवर्ड चालवणाऱ्यांचं काय? फुटलेली यादी हाती आली, की चोरांचे प्रोग्राम ईमेल-पासवर्डची तीच जोडी शेकडो ठिकाणी आपोआप लावून बघतात.

यावर कुणी म्हणेल, इतके वेगवेगळे पासवर्ड लक्षात कसे ठेवायचे? ठेवूच नका. फोनमधला पासवर्ड मॅनेजर ते काम करतो. त्यावर भरवसा नसेल तर वहीत लिहा आणि वही कपाटात ठेवा. काही जाणकार नाक मुरडतील, पण परदेशात बसलेल्या चोराला तुमचं कपाट उघडता येत नाही. मात्र जुन्या पासवर्डच्या शेवटी १२३ चं १२४ करणं व्यर्थ आहे. असले बदल प्रोग्राम आधीच करून बघतात.

दुसरा आक्षेप ओटीपीचा. तो असतोच की, असं आपण म्हणतो. पण तो सगळीकडे विचारला जात नाही. म्हणून पासवर्ड बदलाच, आणि सुरुवात ईमेलपासून करा. ‘पासवर्ड विसरलात?’ यावर बोट ठेवलं की नवा पासवर्ड ठरवण्याची लिंक बहुधा ईमेलवरच येते. ज्याच्या हाती तुमचा ईमेल, त्याच्या हाती बाकीची खाती. म्हणून ईमेलला नवा, लांब पासवर्ड द्या, टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खातरजमा, चालू करा आणि इतर उपकरणांवरून लॉगआउट व्हा. मग बँक, मग बाकीचं. अशा बातमीनंतर ‘पासवर्ड बदला’ म्हणणारे खोटे मेसेजही येतात. त्यातली लिंक न दाबता वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करा. आणि पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन लावा.