पहाटेच्या गारठ्यांत बंद पडणारी मालमोटार

संगमेश्वर हें गांव शास्त्री आणि सोनवी या नद्यांच्या संगमावर वसलेलें आहे. कर्णेश्वराचें प्राचीन देवालय आणि १६८९ सालीं येथें झालेली संभाजीमहाराजांची धरपकड, या दोन गोष्टींनीं तें महाराष्ट्राला परिचित आहे. मुंबई-गोवा हमरस्ता मात्र इतिहासासाठीं थांबत नाहीं. शास्त्री नदी ओलांडून तो तसाच पुढें जातो आणि त्यावर मालमोटारींची वर्दळ रात्रंदिवस चालूं असते.

पौष महिन्यांतील पहाट आहे. नदीवरचें धुकें अजून हललेलें नाहीं. कोल्हापूरकडची भाजी भरून आंबा घाट उतरलेली, साखरपा-देवरूखच्या वाटेनें आलेली एक मालमोटार रस्त्याच्या कडेला उभी आहे. चालकानें मध्यरात्रीनंतर येथें तीन-चार तास डोळा लावला. बाजार भरण्यापूर्वीं चिपळूण गांठावयाचें म्हणून तो उठला, किल्ली फिरवली, इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालें. दोन मिनिटें घरघरलें, अडखळलें आणि बंद पडलें. पुन्हां सुरू केलें, पुन्हां तीच गत. चौथ्या खेपेस बॅटरीहि दमल्यासारखी वाटूं लागली. मागें पालेभाजी आहे. ऊन चढलें कीं तिची किंमत उतरणार. असे प्रसंग या रस्त्यावर नवे नाहींत, आणि अशा वेळीं चालकाच्या तोंडून निघणारें वाक्यहि ठरलेलें असतें : “थंडीनं गारठलीय बघा, मिस्त्री.”

“थंडीनं गारठली असती तर सुरूच झाली नसती, दादा,” असें अनुभवी मिस्त्री उत्तर देतो. साऱ्या परीक्षेची किल्ली या एका वाक्यांत आहे.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें आपल्या इंजिनाच्या पेटंटासाठीं १८९२ सालीं अर्ज केला आणि १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें तें यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी पाडावी लागते, येथें ठिणगी नाहीं. नळकांड्यांत घेतलेली हवा दट्ट्या इतकी दाबतो, कीं तिचें आकारमान पंधरा-वीस पटींनीं घटतें व तिचें उष्णतामान पांचशें अंशांच्याहि पुढें जातें. त्या तप्त हवेंत डिझेलचा बारीक फवारा पडला कीं तो आपोआप पेट घेतो. कडक थंडींत इंजिनाचें लोखंड गार असतें. दाबलेल्या हवेची उष्णता तें शोषून घेतें, बॅटरीचा जोरहि कमी पडतो, आणि इंजिन सुरू होण्याचें नाकारतें. याचसाठीं कांहीं इंजिनांना हीटर प्लग बसविलेले असतात. परंतु जें इंजिन एका झटक्याला सुरू झालें, त्याची हवा पुरेशी तापते व त्याची बॅटरी पुरेशी सशक्त आहे, हें त्यानें स्वतःच सिद्ध केलें. दोन मिनिटांनीं तें थांबलें, याचा अर्थ इतकाच, कीं पंपांत व फिल्टरांत सांठलेलें डिझेल संपलें आणि मागून नवें आलें नाहीं. रोग इंजिनांत नाहीं. टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेवर आहे.

मग डिझेल गोठलें असेल काय? डिझेलांत मेणासारखा अंश असतो. थंडींत त्याचे कण वेगळे होऊन फिल्टर तुंबवितात, ही गोष्ट खरी. लडाखसाठीं इंडियन ऑइलनें २०१९ सालीं उणें ३३ अंशांपर्यंत वाहतें राहणारें निराळें डिझेल काढलें, तें याच कारणानें. पण संगमेश्वरचा पहाटेचा पारा पंधरा-वीस अंशांच्या आसपास घोंटाळतो. तेवढ्या गारव्यानें हिंवाळ्यांतील डिझेल गोठत नाहीं. शिवाय आंब्याच्या माथ्यावर थंडी याहून अधिक. गोठावयाचें तर तें टाकींत तेथेंच गोठलें असतें. तरीहि टाकीखालीं पेटता बोळा धरणारे महाभाग रस्त्यावर भेटतात. यासारखा आत्मघातकी मूर्खपणा दुसरा नाहीं.

थंडी अगदींच निर्दोष आहे असें मात्र नव्हे. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळींतून डिझेल ओढून घेतलें जातें, म्हणून त्या भागांत बाहेरच्या हवेपेक्षां दाब कमी असतो. रबरी नळी जुनी झाली असेल, जोडावरचा तांब्याचा वॉशर झिजला असेल, तर तेथून डिझेल बाहेर गळत नाहीं. उलट हवा आंत शिरते. जमिनीवर एक थेंबहि दिसत नाहीं, आणि चालक शपथेवर सांगतो, कीं कोठेंहि गळती नाहीं! रात्रीच्या गारव्यानें रबर ताठर होतें, सांधा किंचित् आखडतो, डिझेल थोडेंसें दाट होतें. गाडी उभी असतांना नळींतलें डिझेल हळूहळू टाकीकडे परततें व त्याची जागा हवा घेते. दुपारीं सारें तापलें कीं तोच सांधा पुन्हां घट्ट बसतो आणि गाडी निमूटपणें चालते. थंडीवर आळ येतो तो यामुळेंच. मिस्त्रीलोकांच्या भाषेंत याला ‘गाडीनें एअर घेतली’ असें म्हणतात. शास्त्रीय भाषेंत याहून अचूक शब्द सांपडणें कठीण आहे.

जाणता मिस्त्री एकदम पाना हातांत घेत नाहीं. प्रथम तो टाकीचें झांकण उघडतो व कान देतो. झांकणाला श्वासासाठीं बारीक भोंक असतें. तें चिखलानें बुजलें तर डिझेल उपसलें जाईल तसतशी टाकींत पोकळी निर्माण होते आणि इंजिनाला घोट मिळेनासा होतो. झांकण उघडतांच हवा आंत शिरल्याचा ‘सूंऽ’ असा आवाज झाला, तर दुरुस्तीला एक टांचणी पुरते. आवाज झाला नाहीं, तर फिल्टरच्या तळचा स्क्रू सोडून कांचेच्या पेल्यांत थोडें डिझेल घ्यावयाचें. पाणी डिझेलपेक्षां जड. असेल तर तें तळाशीं बसतें. कोंकणच्या दमट हवेंत अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली कीं आंतल्या पत्र्याला दंव सुटतें, आणि पाण्याच्या व डिझेलच्या सांध्यावर सूक्ष्म जंतू वाढून शेवाळासारखा चिकट गाळ होतो. संध्याकाळींच टाकी भरून ठेवणारा चालक कंजूष मालकाला उधळ्या वाटतो, पण तो शहाणा असतो.

तिसरी परीक्षा सर्वांत निर्णायक. टाकीची नळी सोडून फीड पंपाला स्वच्छ डिझेलचा लहान डबा जोडावयाचा. हातपंपानें एअर काढावयाची : फिल्टरवरचा स्क्रू सैल केला कीं आधीं फेंस येतो, मग बुडबुडे, आणि शेवटीं अखंड धार, धार येतांच स्क्रू आवळावयाचा. आतां इंजिन दहा मिनिटें न अडखळतां चाललें, तर दोष डब्याच्या जागीं जें होतें त्यांत आहे, म्हणजे टाकींत किंवा नळींत. नाहीं चाललें, तर फीड पंप आणि फिल्टर यांच्याकडे वळावयाचें.

ही सारी रीत जुन्या धाटणीच्या पंपाची. १ एप्रिल २०२० पासून देशांत बी. एस. सहा मानकाच्याच गाड्या नव्यानें विकल्या जाऊं लागल्या. त्यांच्या फवाऱ्याच्या नळ्यांत डिझेलचा दाब वातावरणाच्या हजारपटीहून अधिक असतो. चालत्या इंजिनावर तो नट सैल केला, तर डिझेलची सुईसारखी धार कातडी भेदून शरीरांत शिरते, आणि मग काम मिस्त्रीचें न राहतां शस्त्रवैद्याचें होतें. अशा गाडीची तपासणी स्कॅनर बाळगणाऱ्या कारागिरानेंच करावी. रस्त्याच्या कडेला चालकानें झांकण पाहावें, फिल्टरचें पाणी सोडावें, आणि तेथें थांबावें.

चालकाची घाई येथें समजण्यासारखी आहे, पण तीच घातक ठरते. एकदां सुरू झालें म्हणजे चालेल, या भरंवशावर तो गाडी रस्त्यावर काढूं पाहतो. पुढें चिपळूणपर्यंत चढउतार आहेत. उतारावर इंजिन थांबलें, कीं स्टीअरिंगला मिळणारी मदत थांबते व ब्रेकांना हवा पुरविणारा कंप्रेसरहि थांबतो. टांकींत उरलेल्या हवेवर पुढचें सारें अवलंबून. भाजी वाळली तर एका फेरीचें नुकसान होतें. वळणावर समोरून एस्. टी. येत असली तर हिशेब निराळा.

संगमेश्वरच्या त्या पहाटे डब्यावर इंजिन अखंड चाललें. मिस्त्रीनें टाकीपासूनची रबरी नळी बोटांनीं चांचपीत नेली. क्लिपेखालीं, जेथें सहसा कोणी पाहत नाहीं तेथें, केसाएवढी चीर सांपडली. वीतभर नळी कापून टाकली, उरलेली पुन्हां चढविली, दोन वॉशर बदलले, एअर काढली. नदीवरचें धुकें वितळण्याच्या आंत भाजी चिपळूणच्या वाटेला लागली, आणि मिस्त्रीनें कापलेला तुकडा चालकाच्या हातीं देऊन सांगितलें, कीं परतीच्या वाटेवर पुरी नळीच नवी घाल.