एकच मेणबत्ती, तीन वर्ग



शाळेत जाऊन विज्ञान दाखवायचे म्हणजे पेटीभर सामान हवे, असे पुष्कळजणींना वाटते. पण मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे सहा व्याख्याने दिली, ती एका मेणबत्तीवरच!

आपणही तीच नेऊ. पहिली-दुसरीच्या मुलांना ज्योत नुसती न्याहाळू द्यावी; रंग किती दिसतात, ते सांगू द्यावे. पाचवी-सहावीत दोन सारख्या मेणबत्त्यांवर एक लहान व एक मोठा असे काचेचे पेले एकदमच पालथे घालावेत. अगोदर कोणती विझेल, हे मात्र आधी वदवून घ्यावे. नववीत ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती उभी करून पेला झाकावा. पेल्यात पाणी चढते. ‘प्राणवायू जळून गेला म्हणून,’ असे उत्तर हमखास येईल. त्यावर मान डोलावू नये. पाणी भरभर चढते ते ज्योत विझताना आणि विझल्यावर. असे का, हे विचारावे. तापलेली हवा निवून आकसते, हे मुलांनाच सापडू द्यावे.

सामान तेच, प्रश्न मात्र वयाजोगा. लहानांवर उत्तराचे ओझे नको आणि मोठ्यांच्या पदरी अर्धवट उत्तर नको. कारण एकदा पाठ झालेली चूक पुसणे फार कठीण.