वंशावळीच्या पुढे
(बल्लारपूर येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



'घराण्याचा इतिहास' ह्या विषयावर चार शब्द बोलावे अशी स्वागतसमितीची आज्ञा झाली, ती मी आदरपूर्वक मान्य करतो. विषय जुना असला तरी त्याची निकड आजची आहे. मुलांच्या शिक्षणासाठी वा नोकरीसाठी जातपडताळणीचे कागद ज्याने गोळा केले नाहीत, असे घर ह्या मंडपात क्वचितच सापडेल. अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींना 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गांना 13 ऑक्टोबर 1967 ह्या दिवसांपूर्वीचा पुरावा पाहिला जातो. आपण आजापणजांची नावे शोधतो, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र करतो, आणि प्रमाणपत्र हाती पडले की सारे कागद पेटीत बांधून ठेवतो. माझे सांगणे एवढेच की, शोध तेथे थांबू नये. खरा इतिहास तेथून पुढे सुरू होतो.

आपल्या भागात हे काम सोपे नाही, ह्याची मला जाणीव आहे. बल्लारपूर ही एके काळी गोंड राजांची राजधानी. वर्धेकाठचा किल्ला आजही त्याची साक्ष देतो. पुढे चांद्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे आणि त्यानंतर 1854 मध्ये इंग्रजांकडे गेले. नदीपलीकडचे राजुरे मात्र निजामाच्या मुलखात होते. ते आपल्या जिल्ह्यात आले 1959 साली. म्हणजे दोन सख्खे भाऊ नदीच्या दोन तीरांवर स्थायिक झाले असतील, तर एकाचा कागद नागपूरच्या कारभारातला आणि दुसऱ्याचा हैदराबादच्या कारभारातला, तोही बहुधा उर्दूत! सिरोंचा 1874 पर्यंत अपर गोदावरी नावाच्या निराळ्या जिल्ह्यात होते. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी वेगळा झाला. तेव्हा 'कागद नाही' म्हणून निराश होण्यापूर्वी, त्या साली ते गाव कोणाच्या अमलाखाली होते, हा प्रश्न आधी विचारावा.

साधने पुष्कळ आहेत. कोतवालाचे जन्ममृत्यूचे पुस्तक, बंदोबस्ताची मिसल, 1954-55 चा अधिकार अभिलेख, शाळेचे दाखलखारीज रजिस्टर आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या, ह्या प्रत्येकात आपल्या पूर्वजांचा काही ना काही माग लागतो.

मला ह्या कामाची गोडी कशी लागली, ते थोडक्यात सांगतो. पुतण्याच्या कागदांसाठी मी कोतवाल पुस्तकाची नक्कल मागितली. हवी होती ती आजोबांची जन्मनोंद, ती मिळाली. पुढच्या एका पानावर पणजोबांचेच नाव आणि त्यापुढे केवळ 'मुलगी' एवढा शब्द होता. तीन वर्षांनंतरच्या मृत्यूच्या नोंदींत पुन्हा तेच नाव, तोच शब्द आणि कारण 'ताप'. आजोबांना एक धाकटी बहीण होती, हे आमच्या घरात कोणासही ठाऊक नव्हते. पुतण्याचे काम त्या दिवशी संपले. माझे त्या दिवशी सुरू झाले. तेव्हापासून जुने दप्तर दिसले की ते उघडून पाहिल्यावाचून मला राहवत नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या वंशावळी पाहा. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू! लेकी, सुना, आया त्यांत कोठेच नाहीत. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप ज्या स्कॉटलंडमधून आले, तेथे 1 जानेवारी 1855 पासून जन्म, विवाह व मृत्यूची नोंद सक्तीची झाली. मृत्यूच्या नोंदीत मृताच्या बापाबरोबर आईचेही नाव, आणि तेही माहेरच्या आडनावासह, लिहिण्याची तेथे रीत पडली. मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमिनीवरून हुसकावलेल्या त्या देशातील कित्येक कुळांनी कॅनडा व ऑस्ट्रेलिया गाठले. त्यांचे वंशज आज त्या नोंदींच्या आधारे आजीची आजी शोधून काढतात. आपल्याला मात्र पणजीचे माहेर सांगता येत नाही!

केवळ कागद म्हणजे इतिहास, असेही नव्हे. आपल्या शेजारच्या गोंड बांधवांच्या कुळकथा परधानांनी किंगरीच्या सुरावर पिढ्यान्‌पिढ्या जतन केल्या. परधानाच्या तोंडून मिळालेले लिंगोचे गीत हिस्लॉप ह्यांनी टिपून ठेवले आणि त्यांच्या मृत्यूनंतर, 1866 मध्ये, रिचर्ड टेंपल ह्यांनी ते छापले. आपल्या घरचे परधान म्हणजे आपल्या वृद्ध आत्या, आज्या आणि मावश्या. त्यांना आजच विचारा. कागद दहा वर्षांनी मिळेल, त्या मिळणार नाहीत.

एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. घराण्याचा इतिहास लिहू लागले की कोणा राजाशी किंवा सरदाराशी नाते जोडण्याचा मोह होतो. तो आवरावा. मराठीत आपटे घराण्याच्या 1914 मधील इतिहासापासून अनेक कुलवृत्तान्त निघाले. त्यांचे खरे मोल थोरवीत नसून नावानिशी केलेल्या नोंदींत आहे. आपला पूर्वज 1899-1900 च्या दुष्काळात पोटासाठी गाव सोडून निघाला असेल, कोळशाच्या खाणीत उतरला असेल, किंवा 1945 साली स्थापन झालेल्या कागद कारखान्यासाठी बांबूच्या मोळ्या वाहत असेल. ह्यात लाजण्यासारखे काय आहे? त्याच्या घामावर आपण आज येथे बसलो आहोत.

म्हणून माझी विनंती अशी की, पुढील संमेलनापूर्वी प्रत्येक घराने एक वही करावी. तीत दोन्ही आजोबांची व दोन्ही आज्यांची नावे, आज्यांची माहेरे, मूळ गाव, ते सोडण्याचे कारण आणि बालपणीच गेलेल्या मुलांच्याही नोंदी असाव्यात. ठाऊक असेल तेवढेच लिहावे. उरलेली जागा कोरी सोडावी, ती पुढची पिढी भरील. ज्या गावाने देशाला कागद पुरविला, त्या गावच्या लेकीबाळींची नावे कागदावाचून पुसली जाऊ नयेत, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.