जुन्या फोटोंची डागडुजी
(वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी या विषयावर बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी काही यातली जाणकार नव्हे. नातीने संगणकापुढे बसवले आणि हात चालू लागला, एवढेच माझे शिक्षण. पण माझ्या हातून एक चूक अशी झाली की ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझ्या आत्याचा एकच फोटो आमच्या घरी होता. स्टुडिओत काढलेला, पोस्टकार्डाएवढा, मधोमध घडी पडलेला. मी तो स्कॅनरवर ६०० डीपीआयला घेतला. घडीची पांढरी रेघ शेजारचा तुकडा उचलून त्यावर बसवीत बुजवली. लुगड्याला ठिगळ लावावे तसेच हे काम, पोत जुळला पाहिजे. मग चेहऱ्याकडे वळले. चेहरा बारीक ठिपक्यांनी भरलेला. बुरशी असावी असे समजून मी 'हीलिंग ब्रश'ने एकेक ठिपका टिपून काढला. दोन दुपारी त्यात गेल्या. चेहरा कसा नितळ झाला! मोठी प्रत चौकटीत घालून आईपुढे धरली. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "फोटो छान आहे ग, पण या वन्सं नव्हेत."

ते ठिपके देवीच्या वणांचे होते. देवीचा रोग जगातून गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली जाहीर केले. तसे चेहरे आता आपल्या पाहण्यात नाहीत, आणि संगणकाला तर धूळ काय नि वण काय, सारखेच. पण मला कळायला हवे होते. त्या वणांपायी आत्याची दोन स्थळे मोडली. पुढे शिक्षिका होऊन तिनेच धाकट्या भावंडांची शिक्षणे केली. त्या वणांसकट ती कॅमेऱ्यापुढे ताठ बसली होती, आणि मी ते पुसून बसले!

नशीब एवढेच की मूळ स्कॅन मी 'टिफ' स्वरूपात वेगळा ठेवला होता आणि दुरुस्ती वरच्या निराळ्या थरावर, म्हणजे लेयरवर, केली होती. तो थर काढताच आत्या परत आली. तेव्हापासून मी ब्रश हाती घेण्याआधी मूळ फोटो खिडकीशी तिरका धरून बघते. बुरशी आणि ओरखडे कागदावर उठून दिसतात. वण तसे दिसत नाहीत, ते चित्राच्या आत असतात. स्कॅनरच्या काचेवरची धूळ ओळखायची तर फोटो फिरवून पुन्हा स्कॅन करावा. डाग जागचा हलला नाही तर तो काचेचा.

रंगीत फोटोंचे दुखणे निराळे. १९७० नंतरचे लग्नाचे आल्बम आता उघडले तर सगळे वऱ्हाड तांबूस झालेले! त्या कागदात निळसर, किरमिजी आणि पिवळा असे तीन रंग असतात, आणि ते सारख्या वेगाने उडत नाहीत. त्या काळच्या पुष्कळ कागदांतला निळसर रंग आल्बमच्या अंधारातही आधी जातो, मग तांबडेपणा उरतो. फोटोशॉपला पैसे पडतात, गिम्प फुकट मिळते. दोन्हींत 'लेव्हल्स' आहे. तिथे लाल, हिरवा, निळा यांचे आलेख एकेक उघडून टोकांच्या खुणा आलेख सुरू होतो आणि संपतो तिथवर सरकवाव्या. मग एखादी खात्रीची पांढरी वस्तू धरून रंग जुळवावा. मी धोतर धरते. मात्र हळदीच्या दिवशीचा फोटो असेल तर धोतरावर मुळीच भरवसा ठेवू नये!

कृष्णधवल फोटोत रंग भरून द्या, असे पुष्कळजणी म्हणतात. यंत्र भरते, पण अंदाजाने. जुन्या काही प्लेटांना तांबडा रंग दिसतच नसे, त्यामुळे लालभडक कुंकूही काळे उमटे. अशा फोटोतला गडद शालू तांबडा की हिरवा, हे यंत्र कुठून सांगणार? घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारून मगच मी रंग भरते. सांगणारे कुणी उरले नसेल तर करडाच राहू देते.

दर बुधवारी दुपारी तीननंतर मी मंडळाच्या खोलीत असते. फोटो घेऊन या. काचेला चिकटला असेल तर सोलू नका, काचेसकट आणा. आणि शक्य असेल तर त्या माणसाला पाहिलेले कुणीतरी बरोबर आणा.