आधी धार, मग लेथ



नाशिकला येणाऱ्या माणसाला द्वारका चौक ठाऊक असतो. तिथे जवळच्या एका गल्लीत एक मिस्त्री लेथ चालवतात. मुख्याध्यापकी संपली तसा मी त्यांच्याकडे जाऊ लागलो. निव्वळ हौस! लोखंडी दांडा गरगर फिरतो, हत्यार टेकते आणि खोबऱ्यासारखा लोखंडाचा कीस निघतो.

पण मिस्त्रींनी महिनाभर मला लेथला हात लावू दिला नाही. "गुरुजी, आधी टूल घासा," म्हणाले. मी पुन्हा बिगरीत बसलो!

टूल म्हणजे बोटाएवढी चौकोनी पोलादी कांडी. ग्राइंडरच्या दगडावर घासून तिला धार काढतात. यात काय एवढे, असे मलाही वाटले होते.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने जुना लेथ घेतला. मोटारीच्या पंपाचे बूश घरीच करावेत, हा विचार. त्यासाठी बायकोची पाटली गहाण पडली. आणि लेथ कापीचना! नुसती किरकिर. आपण फसलो म्हणून तो लेथ विकायला निघाला. मिस्त्रींनी लेथकडे पाहिलेसुद्धा नाही. टूल हातात घेतले. धारेखालची बाजू सरळ उभी होती. तीच कामावर घासत होती, धार टेकतच नव्हती. मिस्त्रींनी ती बाजू आत उतरती घासली. किती उतरती? घड्याळाचा मिनिटकाटा दीड मिनिटात सरकतो तेवढी, म्हणजे 9 अंश. टूलचे टोक दांड्याच्या बरोबर मध्यावर आणून बांधले. कीस निघाला. लेथ घरीच राहिला.

घासताना टूल तापते. साधे पोलाद निळे पडले की त्याचे पाणी उतरले म्हणून समजा. विळ्याचेही तसेच. मी दोन टूल अशीच घालवली. घडीघडी पाण्यात बुडवावे. हायस्पीड पोलाद जास्त ताप सोसते, कारण त्यात टंगस्टनसारखे धातू असतात. कार्बाइडचे टोक मात्र तापलेले असताना पाण्यात घालू नये, तडकते. त्याला दगडही वेगळा, हिरवा लागतो.

दगड नवा बसवण्याआधी, मडके घेताना वाजवतो तसा वाजवून पाहावा. बद आवाज आला तर तो घेऊ नये. फिरता दगड फुटला तर गोळीसारखा येतो. म्हणून सुरू करताना बाजूला उभे राहावे. दगड आणि टेका यांत 3 मिलिमीटरहून जास्त फट नको, टूल आत ओढले जाते. हातमोजे नकोत, सैल बाही नको. चष्मा हवाच.

लक्ष्मणराव किर्लोस्करही आधी मुंबईत मास्तर होते, यंत्रांची चित्रे काढायला शिकवीत. पुढे त्यांनी कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले, 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली. मास्तर हाताने काम करतो याचे हसू कुणाला येत असेल, म्हणून सांगितले.

पुढच्या खेपेला मी चार टूल आणि ग्राइंडर घेऊन येईन. बायांनीही यावे. ज्याला हात लावून पाहायचा असेल त्याने चष्मा आणावा. माझ्याकडे एकच आहे.