राणीची बाग आणि आपली बोर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



अहवाल वाचून झाला की पुढचे भाषण ऐकायला फारसे कोणी थांबत नाही, हे मी इतकी वर्षे तुमच्यातच बसून पाहिले आहे. कपबशा मांडण्याचे निमित्त करून मी स्वतःही कितीदा तरी उठले आहे. तेव्हा मी फार वेळ घेणार नाही. आपल्या मुंबईच्या सहलीची हकिकत सांगावी, अशी अध्यक्षाबाईंची आज्ञा झाली आहे. ती सांगते, आणि शेवटी एक कबुली देऊन एक मागणे मागते.

गेल्या फेब्रुवारीत आपण पंधराजणी रात्रीच्या गाडीने निघालो. देवदर्शन आणि खरेदी सोडून बाग पाहायला मुंबईस जायचे, हे ऐकून घरोघरी हसू झाले. आमच्याकडे तर "झाडे पाहायला मुंबईला कशाला? मेहरूणच्या तलावावर जा की!" असे उत्तर मिळाले. ते उत्तर किती खरे होते, हे मला परत आल्यावर कळले.

पहाटे दादरला उतरून लोकलने भायखळ्यास गेलो. राणीची बाग तेथून चालत थोड्याच अंतरावर आहे. बुधवारी ती बंद असते, ही चौकशी आधीच करून ठेवली होती म्हणून बरे. आता तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे, पण लोकांच्या तोंडी अजून राणीची बागच आहे. वृक्षप्रेमी मंडळी तेथे लोकांना बरोबर घेऊन फिरतात आणि एकेका झाडाची ओळख करून देतात. आम्हांला मिळालेल्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. डोक्याला रुमाल, हातात छत्री आणि आवाज असा खणखणीत की मागे रेंगाळणारीलाही चुकवता येऊ नये!

त्यांनी आधी बागेचीच कुळकथा सांगितली. कृषी व उद्यानविद्येचे काम करणाऱ्या एका संस्थेची बाग पूर्वी शिवडीस होती. ती जागा दफनभूमीसाठी गेली. भायखळ्याची ही नवी बाग १८६२ साली खुली झाली, पुढे नगरपालिकेच्या ताब्यात आली, आणि १८९० साली तिला प्राणिसंग्रहालय जोडले गेले. शेजारचे वस्तुसंग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडले. त्यासाठी झटणाऱ्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव त्याला १९७५ मध्ये देण्यात आले.

संग्रहालयाबाहेर एक काळ्या दगडाचा हत्ती आहे. हा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ साली त्याला विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले गेले, आणि १९१४ साली जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. बाई म्हणाल्या, "दगडाचा हत्ती पन्नास वर्षांनी जोडता आला. झाडाचे तसे नसते हं." त्या वेळी आम्ही माना डोलावल्या आणि पुढे चालू लागलो.

मग झाडे सुरू झाली. गोरखचिंच म्हणजे जाड्या बुंध्याचे आफ्रिकेतले झाड. अंगावर पाने नव्हती, पण रुबाब काय तो! कैलासपतीची फुले फांद्यांच्या शेंड्यांना न येता खोडालाच लागतात, आणि फुलात पिंडीवर नागाने फणा धरावा तशी रचना दिसते. एवढे आपल्या देवाचे झाड, पण त्याचे माहेर दक्षिण अमेरिकेत! कृष्णवडाच्या पानाला बुडाशी द्रोण असतो. बाळकृष्णाने त्यात लोणी लपवले, अशी गोष्ट सांगतात. आपण कुंपणाला ज्याला अशोक म्हणतो तो उंच हिरवा सोटा सीतेचा अशोक नव्हेच, हेही कळले. खरा अशोक केशरी गुच्छांनी फुललेला प्रत्यक्ष पाहिला, तेव्हा दोघीतिघींनी नकळत हात जोडले.

सर्वांत शेवटी उर्वशी. ब्रह्मदेशचे हे झाड. लांब देठांवर लाल फुले उलटी लोंबतात आणि पाकळ्यांवर पिवळे ठिपके असतात. या झाडाला बी क्वचितच धरते, म्हणून फांदीला गुटी बांधून रोप तयार करावे लागते. थोडक्यात, जिवंत झाड असेतोवरच त्याचा वंश.

तेथेच सावलीत बसून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. बाईंनाही आग्रहाने वाढली. खाता खाता त्यांनी सांगितले की, ही बागही एकदा संकटात आली होती. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालय मोठे करण्याचा भव्य आराखडा पुढे आला. त्यात जुनी झाडे आणि बागेची मूळ रचना जाईल, या काळजीने नागरिक पुढे सरसावले, आणि त्यांत बायका आघाडीवर होत्या. त्यांनी नुसती ओरड केली नाही. कोणते झाड, कोठे, किती, याचा हिशेब मांडला, अर्ज केले, वारसा समितीपुढे बाजू मांडली, आणि लोकांना झाडे दाखवीत फिरल्या. पुढे तो आराखडा तसाच्या तसा राहिला नाही. बागेत आजही तीन हजारांच्या आसपास झाडे आहेत.

"ज्याचे नाव ठाऊक नाही त्याच्यासाठी कोण भांडणार?" असे म्हणून बाईंनी आम्हांला विचारले, "तुमच्या गावचे झाड कोणते?"

आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो, "मेहरूणची बोर!"

"वा! पुस्तकात बोरांच्या नामांकित जातींत मेहरूणचे नाव असते. आता किती झाडे उरली आहेत?"

भगिनींनो, पंधराजणींपैकी एकीलाही उत्तर देता आले नाही. मी तर मान खाली घातली. ही माझी कबुली.

आमच्या घरामागे सासूबाईंची बोर होती. संक्रांतीच्या सुगडात तिचीच बोरे, माझ्या मुलाच्या बोरन्हाणाला तिचीच बोरे, आणि थोरल्या जावेच्या मुलीच्या बोरन्हाणालाही तिचीच. सासूबाई गेल्या. पुढे गाडी ठेवायला शेड हवी म्हणून बोलणे निघाले. घरच्यांनी मला विचारले. मी म्हटले, "काट्यांनी पदर फाटतो, पाचोळा झाडून पाठ मोडते, काढून टाका." सकाळी दोन माणसे आली आणि दुपारपर्यंत जागा मोकळी झाली. दोष दुसऱ्या कोणाचा नाही. माझ्याच तोंडून तो शब्द गेला. पुढल्या संक्रांतीला नातवाचे बोरन्हाण निघाले तेव्हा बाजारातून बोरे आणावी लागली. हिरवीगार, सफरचंदाएवढी, आणि चवीला पाणी! नातवाच्या डोक्यावर ती ओतताना लागतील म्हणून बाजूला काढली आणि चुरमुऱ्यांवर भागवले.

खरी चूक याहून मोठी आहे, आणि ती मला उर्वशीखाली उमगली. बोराची बी पेरली तर झाड येते, पण तेच गोड बोर येईल याचा भरवसा नाही. त्यासाठी गावठी बोरीच्या रोपावर त्याच झाडाचा डोळा भरावा लागतो. म्हणजे झाड तोडले की डोळाही गेला. मी केवळ एक झाड काढले असे नाही, सासूबाईंच्या बोरीचा वंशच संपवला.

बागा कशा संपतात हे पाहायला लांब जायला नको. जुन्या खानदेश सुभ्याची राजधानी बऱ्हाणपूर. तेथे तापीपलीकडे जैनाबादेस मोगलांची मृगबाग होती. १६३१ साली मुमताजमहल बऱ्हाणपुरात वारली, तेव्हा तिला आधी त्या बागेत पुरले होते. ताजमहाल सारे जग जाणते, पण आपल्या प्रांतातल्या त्या बागेचे नाव आपल्यापैकी किती जणींनी ऐकले आहे? बादशहाच्या बागेची ही गत, तर आपल्या परसातल्या बोरीचा काय पाड!

आता मागणे. आपणही मेहरूणमध्ये अशी फेरी काढू. पौषातल्या पहिल्या रविवारी, बोरे पिकलेली असताना, सकाळी सात वाजता तलावावर जमायचे आणि तेथून गल्लीगल्लीने जायचे. ज्या परसात, ज्या बांधावर जुनी बोर असेल तेथे थांबायचे. घरच्या आजीबाईंनी तिची हकिकत सांगायची: कोणी लावली, बोर गोल की लांबट, कधी पिकते. मंडळाच्या वहीत ते टिपून घ्यायचे. घरमालकाला विनंती एवढीच की, झाड काढायचेच ठरले तर निदान आधी आम्हांला निरोप द्यावा, म्हणजे डोळे तरी घेता येतील. उन्हाळ्यात छाटणी आणि पावसाळ्यात डोळा भरणे, हे काम जाणणारी वडीलधारी माणसे अजून आपल्या आळीत आहेत. त्यांना गुरू करू.

मी सुरुवात केली आहे. शेडच्या कडेला गावठी बोरीची दोन रोपे लावली. माझ्या जाऊबाईंच्या माहेरी एक जुनी मेहरूण बोर उभी आहे, तिचे डोळे गेल्या पावसाळ्यात भरून घेतले. एक वाळला. दुसऱ्याला फूट आली आहे, आज ती वीतभर आहे. ती सासूबाईंची बोर नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरी तिला बोरे धरतील तेव्हा पहिले सूप या मंडळाच्या हळदीकुंकवाला आणीन, हा माझा शब्द.

चहा निवतो आहे. वही आणि पेन्सिल तेथे मेजावर ठेवली आहे. ज्यांच्या परसात बोर आहे त्यांनी चहा घेण्याआधी आपले नाव लिहावे, आणि ज्यांच्याकडे होती पण आता नाही, त्यांनीही लिहावे. पहिले नाव माझे आहे.